यंत्र बसले, बोलेल केव्हा?

कचेरीत नवे यंत्र आले म्हणजे पहिल्या दिवशी त्याला हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात. त्यात वावगे काही नाही. परंतु संगणकाच्या बाबतीत या पहिल्या दिवसाला फारसे महत्त्व नसते. यंत्र टेबलावर बसले, दिवा लागला, पडदा उजळला, एवढ्याने ते दुसऱ्या गावच्या यंत्राशी बोलू लागत नाही. त्यासाठी त्याच्या पोटात एक निराळे सॉफ्टवेअर, म्हणजे आज्ञांचा एक संच, भरावा लागतो आणि त्या संचातील पुष्कळसे आकडे जागेची परिस्थिती पाहून ठरवावे लागतात. हे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते, ते कित्येक आठवडे चालते आणि त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. आम्हांस येथे त्याच कामाविषयी बोलावयाचे आहे. कारण चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जंगलमुलखात यंत्राचे यशापयश याच न दिसणाऱ्या आकड्यांवर ठरते, असे आमचे मत आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. गडचिरोली हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. उत्तरेस वडसा, दक्षिणेस सिरोंचा, पश्चिमेच्या अंगाने वैनगंगा व प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी, पूर्वेकडे इंद्रावती, आणि मध्ये दाट वन. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागडची वाट बंद होते. अशा मुलखात तारेवरच्या बोलण्याचा भरवसा काय धरावा? एक झाड आडवे पडले की तार तुटली आणि तालुका मुका झाला.

यावर जो उपाय निघाला तो आकाशातून आला. केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ साली स्थापन झाले. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात या संस्थेने देशातील जिल्ह्यांची ठिकाणे उपग्रहाच्या द्वारे जोडणारे ‘निकनेट’ नावाचे जाळे उभारले. जिल्ह्याच्या कचेरीत एक लहान संगणक आणि छपरावर माणसाच्या उंचीएवढी तबकडी. दिल्लीस मुख्य भूकेंद्र. आणि दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे एन.ई.सी. या जपानी कंपनीचे एस-१००० जातीचे मोठे संगणक, अशी त्याची रचना होती. असल्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाला मेनफ्रेम म्हणतात. एकाच वेळी अनेकांची कामे घेणारे आणि अनेक गावांचे हिशेब सांभाळणारे ते यंत्र असते.

आता प्रश्न असा की, या मोठ्या यंत्राला दूरच्या यंत्राशी बोलावयास शिकवितात कसे?

मेनफ्रेम स्वतः सहसा दाराशी जात नाही. मोठ्या कचेरीत साहेब प्रत्येक टपाल स्वतः घेत नाहीत. आवक-जावक पाहणारा कारकून निराळा असतो. तद्वत् मेनफ्रेमच्या दाराशी एक लहान यंत्र बसविलेले असते. बाहेरून आलेले तपासावे, मोडके असेल तर परत मागवावे, नीट असेल तेवढे आत द्यावे, हे त्याचे काम. म्हणून पहिली पायरी अशी की, ‘तुझ्या दाराशी असा असा कारकून बसला आहे आणि तो अमुक दाराने आत येईल’ हे मेनफ्रेमच्या मूळ कार्यप्रणालीला कळवावयाचे. हे कळविले नाही तर यंत्र शेजारी असूनही ओळख देत नाही. दुसरी पायरी, चुंबकीय फितीवरून दळणवळणाचे सॉफ्टवेअर आत उतरविणे. तिसरी, आपल्या यंत्राला पत्ता देणे. हा पत्ता साऱ्या जाळ्यात एकमेव असावा लागतो. दोन घरांना एकच क्रमांक दिला तर पोस्टमनचे जे होते तेच येथे होते. चौथी, वाटांचा तक्ता भरणे: अमुक पत्त्याचे टपाल अमुक मार्गाने धाडावे, मार्ग बंद असल्यास अमुक करावे.

पाचवी पायरी बोलण्याच्या रीतीची. दोन यंत्रांनी आपसांत कोणत्या क्रमाने बोलावे, पोच कशी द्यावी, चूक कशी ओळखावी, याचे लेखी नियम असतात. निकनेटमध्ये एक्स.२५ नावाचे आंतरराष्ट्रीय नियम वापरीत. ते १९७६ साली मान्य झाले होते. त्यांप्रमाणे मजकुराची लहान लहान पुडकी करून ती एकामागून एक पाठवावयाची आणि पलीकडून पोच मिळवावयाची.

येथपर्यंतचे काम पुस्तक पाहून करता येते. खरी परीक्षा पुढे आहे.

वैनगंगेवर पूल नव्हते तेव्हाचा डोंगा आठवा. अलीकडच्या व्यापाऱ्याने नियम केला की, एका वेळी दोनच पोती पाठवीन आणि ‘पोचली’ अशी चिठ्ठी आल्यावाचून तिसरे पोते हलविणार नाही. ओढा अरुंद असेल तर हा नियम उत्तम. पण पात्र रुंद असेल तर? व्यापारी अर्धा दिवस काठावर बसून राहील आणि डोंगे रिकामे उभे राहतील. पोती आहेत, डोंगे आहेत, नावाडी आहेत, तरी पलीकडचा बाजार उपाशी!

उपग्रहाची नदी फार रुंद आहे. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरांवर असतात. गडचिरोलीहून निघालेला संदेश तेथे जाऊन दिल्लीस उतरेपर्यंत प्रकाशाच्या वेगानेही सुमारे पाव सेकंद लागतो आणि पोच परत येण्यास आणखी पाव सेकंद. आपणांस अर्धा सेकंद म्हणजे काहीच नाही. यंत्राच्या हिशेबात तो फार मोठा काळ आहे. एक्स.२५ च्या नियमांत, निराळे काही सांगितले नाही तर, एका पुडक्यात १२८ अक्षरे आणि पोचेवाचून दोनच पुडकी पाठविण्याची मुभा असे धरलेले असते. म्हणजे अर्ध्या सेकंदाला २५६ अक्षरे, सेकंदाला फार तर ५१२. समजा, वाट सेकंदाला १,२०० अक्षरे वाहून नेणारी असली, तरी तिचा निम्म्याहून अधिक भाग रिकामाच राहणार. हीच मुभा दोनावरून सातावर नेली की पहिल्या पुडक्याची पोच परत येते तेव्हा सातवे पुडके अजून निघालेलेही नसते. यंत्र क्षणभर रिकामे बसत नाही. बदलला केवळ एक आकडा. नवी तबकडी नको, नवी तार नको, एक पैचा खर्च नको.

दुसरा आकडा धीराचा. पोच आली नाही तर किती वेळ थांबून पुडके पुन्हा पाठवावयाचे, याची मुदत ठरवावी लागते. शहरात तारेने जोडलेल्या यंत्रांना थोडी मुदत पुरते. समजा, ती सेकंदाचा तिसरा भाग ठेवली आणि तेच यंत्र जसेच्या तसे उपग्रहाला जोडले. पोच अर्ध्या सेकंदाने येणार. पण त्याआधीच यंत्र समजते की पुडके हरवले, आणि तेच पुन्हा पाठविते. प्रत्येक पुडके दोनदा जाऊ लागते, वाट आपल्याच नकलांनी तुंबते आणि काही प्रयत्नांनंतर यंत्र ‘पलीकडे कोणी नाही’ असे जाहीर करून बोलणे तोडते. वस्तुतः पलीकडचे यंत्र ठणठणीत असते आणि उत्तरही देत असते. ऐकणाराच उतावीळ!

आम्हांस या उदाहरणात यंत्रापलीकडचेही काही दिसते. कारखान्यातून जे आकडे भरून येतात ते कोणाच्या तरी परिस्थितीला धरून असतात, आणि ती परिस्थिती बहुधा मोठ्या शहराची असते. ते आकडे कोणी दुष्टपणाने भरीत नाही. पण ज्याने दूरच्या गावाचा विचार केला नाही त्याचे यंत्र दूरचे गाव गैरहजर मांडते. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्यावर वैनगंगेत किती पाणी सुटले, हा आकडा खालच्या गावांना वेळेवर मिळणे म्हणजे गुरे, धान्य आणि प्रसंगी माणसे वाचणे होय. तो आकडा ज्या वाटेने येतो तिची मुदत चुकलेली असली, तर ती चूक नेमकी पुराच्या दिवशी, वाटेवर गर्दी झाल्यावर, उघडकीस येते. एरवी ती झोपून असते.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेची. यंत्रात अक्षरे नसतात, आकडे असतात. आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये रोमन ‘ए’ या अक्षराचा आकडा १९३, तर लहान संगणकांत ६५. म्हणून मध्ये भाषांतराचा तक्ता बसवावाच लागतो. नाहीतर सारा मजकूर पोचूनही वाचता येत नाही. देवनागरीसाठी १९९१ साली भारतीय मानक ठरले, त्यात १२८ च्या पुढचे आकडे वापरले आहेत. ‘ग’ साठी १८१. आता दळणवळणाची वाट केवळ इंग्रजीपुरती, म्हणजे १२८ च्या आतील आकड्यांपुरती, ठरवून ठेवली असेल तर प्रत्येक मराठी अक्षरातून १२८ गळून पडतात. १८१ चे ५३ होतात आणि ५३ म्हणजे इंग्रजी ५ हा अंक! ‘गडचिरोली’तील ‘ग’ पाठवावा आणि पलीकडे पाच छापला जावा, असा हा प्रकार. यात मराठीचा दोष नाही आणि यंत्राचाही नाही; वाट ठरविणाऱ्याने मराठी येणार हे गृहीत धरले नव्हते, एवढेच.

हे सर्व झाल्यावर तपासणी. रानात वाट चुकलेला माणूस हाळी देतो आणि उत्तर कोणत्या बाजूने येते ते ऐकतो. येथेही तसेच करतात. प्रथम यंत्र स्वतःलाच हाळी देते. मग दाराशी बसलेल्या कारकुनाला. मग दिल्लीच्या केंद्राला. शेवटी दूरच्या जिल्ह्याला. जेथे उत्तर थांबते त्याच्या अलीकडेच दोष असतो असे नाही, पण शोध कोठून सुरू करावयाचा ते कळते. मुदत ठरविताना दूरच्या जिल्ह्याची हाळी विसरू नये. एका जिल्ह्याचा संदेश दुसऱ्याकडे दिल्लीमार्गे जाई, म्हणजे उपग्रहाचे अंतर दोनदा. त्यामुळे उत्तरास एक सेकंद लागे.

तो काळ आता मागे पडला. ती मोठी यंत्रे गेली, एक्स.२५ ची जागा इंटरनेटच्या नियमांनी घेतली, काचेच्या तंतूंच्या वाटा आल्या. ५००-६०० किलोमीटरांवरून फिरणारे उपग्रहही आले, त्यांची नदी पुष्कळच अरुंद आहे. तथापि पत्ता, वाट, मुभा, मुदत आणि अक्षरांचा तक्ता हे पाच प्रश्न निराळ्या नावांनी आजही प्रत्येक कचेरीत, शाळेत आणि दवाखान्यात उभे आहेत.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी. आपल्या गावच्या संस्थेत यंत्र बसेल तेव्हा हार अवश्य घालावा. पण आठ दिवसांनी परत जाऊन तीन गोष्टी विचाराव्या: सर्वांत दूरच्या ठिकाणाहून उत्तर येते काय? पावसाळ्यात वाट तुटली तर यंत्र दुसरी वाट धरते काय? आणि मराठीत लिहिलेले पलीकडे मराठीतच उमटते काय? शिवाय ठरविलेले आकडे कोणते आणि ते तसे का ठेवले, हे एका कागदावर मराठीत लिहून कपाटात ठेवावयास सांगावे. बसविणारा मनुष्य बदलीवर जातो. पूर त्याच्या परत येण्याची वाट पाहत नाही.