दीडीचा दर

सूर्यमाळच्या शासकीय आश्रमशाळेत दुकानदाराचं पोर शोधू नका, सापडणार नाही. आश्रमशाळा असते मुळात आदिवासी मुलांसाठी. १९७२-७३ पासून सरकारने डोंगराळ भागात अशा निवासी शाळा वाढवत नेल्या. त्या नसत्या तर पाड्यांवरच्या कितीतरी मुलांचा शाळेशी संबंधच आला नसता. पण खाली खोडाळ्याच्या बाजाराकडे उतरलं की माझ्या लहानपणी निराळा प्रकार होता. हायस्कूल एकच. ग्रामसेवकाचा मुलगा, मास्तरांच्या मुली आणि वसतिगृहात राहणारी वारली, ठाकूर, कातकरी पोरं, श्रीमंत-गरीब सगळी एकाच वर्गात. मी वाण्याची मुलगी.

श्रीमंत म्हणजे कोण, तेही सांगते. मुंबईच्या मापाने आमच्या मोखाडा तालुक्यात श्रीमंत कोणीच नव्हतं. ज्याच्या घरी एक तारखेला पगार येतो किंवा ज्याच्या ओट्यावर तराजू टांगलेला आहे, तो श्रीमंत. बाकीच्यांकडे वरकस जमिनीचा तुकडा, त्यावर नागली नाहीतर वरई. दिवाळी उलटली की घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे जगायला जायची, वीटभट्टीवर, रेतीवर. परतायची ती होळीला.

वर्गात हे सगळं उमटायचं. भाताच्या आवणीच्या दिवसांत मागचे बाक ओस पडायचे. मागे कोण बसायचं, हे वेगळं सांगायला नको. मी मधल्या रांगेत आले ती उंचीमुळे, आणि माझ्या शेजारी आली एक वारली मुलगी. माझी कंपासपेटी आम्ही दोघी वापरायचो. ती फारशी बोलायची नाही.

आठवीत सर सरळव्याज शिकवत होते. मुद्दल, दर, मुदत. ही उठली आणि म्हणाली, “सर, शेठ दीडीने देतो, त्याचा दर काय मांडायचा?”

वर्ग हसला. शेठ कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या, लाल वहीत तिच्या बापाचं पान होतं. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर मांडलं. आषाढात एक मण भात उचललं, कार्तिकात दीड मण घातलं. चार महिन्यांत शेकडा पन्नास, म्हणजे वर्षाला शेकडा दीडशे. पुस्तकातल्या उदाहरणात बँक बारा टक्के घेत होती.

घरी मी आण्णांना विचारलं. ते चिडले नाहीत. “पावसाळ्यात त्याला दुसरं कोण दारात उभं करतं?” एवढंच म्हणाले. तेही खोटं नव्हतं. याच अडचणीसाठी सरकारने १९७८ मध्ये खावटी कर्ज आणलं, पण खावटी वेळेवर हातात पडली तरच पाय तराजूकडे वळत नसत. रोज डोळ्यांसमोर असलेली ती वही मला त्या दिवसापर्यंत वाचता येत नव्हती. वर्गात सगळी दुकानदारांचीच पोरं असती, तर तो प्रश्न विचारला कोणी असता?

एकीच्या आठवणीवर एवढा भार टाकू नये, हे कबूल. पण दिल्लीत २००७ पासून अनेक महागड्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या, तेव्हा अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी सधन मुलांची पाहणी केली. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. गरीब वर्गमित्र लाभलेली सधन मुलं मदतीला जास्त तयार होती आणि गरीब मुलाला आपल्या संघात घ्यायला कमी कचरत होती. हिंदी-गणिताच्या गुणांना धक्का लागला नाही. इंग्रजीत किंचित फरक पडला. पालक घाबरतात ते बहुधा त्या किंचित फरकाला.

नुसता एक वर्ग मात्र पुरत नाही. अमेरिकेत राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये कोट्यवधी फेसबुक-मैत्रींचा अभ्यास करून दाखवलं, की गरीब-श्रीमंतांत मैत्री न होण्यामागे साधारण निम्मा वाटा मुळात एकत्र न येण्याचा असतो. उरलेला निम्मा एकत्र येऊनही मैत्री न करण्याचा. आमच्या मागच्या बाकांना हे कळायला आकडे लागले नसते.

आता एकत्र येणंच विरळ झालंय. पगारदाराची नोकरी मोखाड्यात आणि बिऱ्हाड नाशकात. माझ्या भावाची मुलंही तिकडेच शिकली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये परिसरातल्या सगळ्या मुलांसाठी एकच शेजारशाळा सुचवली होती. १९६८ च्या धोरणात समान शाळापद्धतीचा उल्लेख आला आणि कागदावरच राहिला. शिक्षण हक्क कायद्यातले खासगी शाळांचे २५ टक्के प्रवेश आठवीला संपतात, म्हणजे मैत्र्या पक्क्या होण्याच्या वयात. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये त्यातूनही पळवाट काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेतच घालायला सांगितलं, तेव्हा लोकांनी थट्टा केली. मला त्यात थट्टेसारखं काही दिसत नाही.

कारण आमच्या शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी पडली, तेव्हा आण्णा आणि ग्रामसेवक एसटीने ठाण्याला जाऊन साहेबांच्या टेबलापुढे उभे राहिले होते. महिनाभरात शिक्षक आला. वसतिगृहातल्या मुलांचे बाप काही ठाण्याला गेले नव्हते, पण शिक्षक त्यांच्याही मुलांना मिळाला. आज सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश पालक लागतात, म्हणजे त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक. माझा भाऊ त्यात बसत नाही. जे बसतात, त्यांच्यातले कितीतरी जण जानेवारीत सभा लागते तेव्हा भिवंडीच्या भट्टीवर विटा पाडत असतात.