विमान उतरवायला शिकताना

गेल्या डिसेंबरात एका दुपारी आम्ही घरचे सारे काशीदच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसलो होतो. थंडीत येणारे कुरव पक्षी वाळूवर उतरत होते. वैमानिक होण्यासाठी शिकणारी आमची भाची सुट्टीवर आली होती. ती म्हणाली, "मामू, बघा, एकूण एक पक्षी समुद्राकडे तोंड करून उतरतोय. दुपारी खारा वारा तिकडूनच येतो ना! आम्हीही विमान वाऱ्याला सामोरं जाऊनच उतरवतो."

वारा समोरून असला की जमिनीच्या मानाने विमानाचा वेग कमी राहतो आणि थांबायला धावपट्टीही कमी लागते. वाऱ्याची दिशा कळावी म्हणूनच विमानतळावर खांबाला कापडी झोळी लावलेली असते.

शिकाऊ वैमानिकांचे सेस्ना १७२ हे छोटे विमान ताशी सुमारे ११५ किलोमीटर वेगाने धावपट्टीवर येते. कसोटी लागते ती शेवटच्या पाच-सहा मीटरांत. तेथे इंजिनाचा जोर कमी करायचा, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला ठेवायची आणि नाक अलगद उचलत राहायचे. आधी मागची दोन चाके टेकावीत, मग पुढचे. नाक घाईने उचलले तर विमान पुन्हा वर जाते. दाबले तर आपटते.

भाचीचे विमान असेच एकदा आपटून उसळले. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांनी सावरले; अल्हम्दुलिल्लाह, कोणाला इजा झाली नाही. पण पोरीचा धीर खचला. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. तिचे जेमतेम वीस झालेले. त्यात शिक्षणासाठी घरावर कर्ज.

नानीने विचारले, "उतरायला नीट जमत नसेल तर काय करायचं असतं?"

"पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचं. फेरी मारून परत यायचं."

"मग तू का नाही गेलीस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वाटलं, सगळे म्हणतील हिला येत नाही."

खरी चूक हीच होती. वेडेवाकडे आलेले विमान लाजेपोटी टेकवू नये. वेळीच वर नेणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवणारे जे. आर. डी. टाटा असोत किंवा १९८५ मध्ये सर्व महिला चमूसह प्रवासी विमान नेणाऱ्या सौदामिनी देशमुख असोत, सर्वांना आधी विद्यार्थीच व्हावे लागले. शिकणाऱ्या मुलांना 'एवढंही जमत नाही?' असे विचारताना आपण घरच्यांनीही हे लक्षात ठेवायला हवे.

भाची परत गेली. काही दिवसांनी मगरिबनंतर तिचा फोन आला. "नानी, आज दोनदा परत वर गेले. तिसऱ्यांदा टेकवलं."

"उसळलं का गं?"

"थोडंसं."

नानी हसली आणि दुआसाठी हात उचलले.