दोनदा बाहेर पडलेला माणूस

करजगाव हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातलं गाव. करजगावात 1861 साली चित्पावन ब्राह्मणाच्या घरी नारायण वामन टिळक जन्मले. जिल्ह्याने एक ‘टिळक’ देशाला दिला, हे शाळकरी पोरही सांगेल. या दुसऱ्या टिळकांची आठवण मात्र पाठ्यपुस्तकातल्या कवितेपलीकडे सहसा जात नाही.

1893 साली आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. टिळक वाचू लागले आणि गुंतत गेले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही हट्टाने भारतीय पाळकाच्या हातून.

किंमत मोजली ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरात लहान मुलगा आणि नातलगांचा आसरा, अशी चार-साडेचार वर्षं गेली. एकत्र राहायला आल्यावरही त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं. चूल वेगळी, पाणी वेगळं. जातपात देवाची की माणसाची, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःच छडा लावला. बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, 1900 साली. टिळकांचा विश्वास विजेसारखा कोसळला असेल, पण लक्ष्मीबाईंचा अधिक कसाला लागलेला वाटतो.

धर्म बदलला की माणूस नव्या संस्थेच्या दावणीला बांधला जातो, असा एक सोयीस्कर समज आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे तिथल्याच मठवासिनींशी चर्चच्या सिद्धांतांवरून पत्रापत्री करून वाद घातला. टिळकही त्याच वळणाचे. ख्रिस्त हवा, पण साहेबी थाटाचा नको. अभंग, भजन, कीर्तन, टाळ, वीणा हे सगळं त्यांनी उपासनेत आणलं. महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये आजही त्यांची पदं गायली जातात.

1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशन सोडलं. पगारावर पाणी सोडून संन्यासवृत्ती पत्करली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे एका पंक्तीला बसावेत, ही कल्पना. आधी ब्राह्मण समाजाने त्यांना दूर लोटलं होतं. आता मिशनमधले काही जण कोड्यात पडले. दरबाराला रूप येण्याआधीच, 9 मे 1919 रोजी टिळक गेले.

मागे उरलं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं अर्धवट काव्य. टिळकांचे दहाएक अध्याय झाले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तर त्यांनी या सगळ्या उलथापालथीची हकीकत सांगितली, आणि टिळकांचा विसरभोळेपणा, तापटपणा, दारी येईल त्याला घरात घेण्याची खोड, यांची मनसोक्त थट्टाही केली.