यंत्रातला आकडा, कागदावरचा आकडा

४ जून २०२४ रोजी मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात यंत्रांतली सगळी मते मोजून झाली, तेव्हा अमोल कीर्तिकर यांची ४,५१,०९५ मते होती आणि रवींद्र वायकर यांची ४,५१,०९४. फरक एका मताचा. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मते मिळाली व वायकर ४८ मतांनी निवडून आले.

इतक्या थोडक्यात हरलेल्या उमेदवाराने, त्याच्या कार्यकर्त्याने, त्याला मत दिलेल्या माणसाने निकाल का मानावा? यंत्र उत्तम आहे, असे सांगून त्याचे समाधान होणार नाही आणि होऊही नये. यंत्रावर ज्याचा काडीचाही विश्वास नाही, त्यालासुद्धा स्वतः ताडून पाहता येईल असा पुरावा हवा. तसा पुरावा आपल्या पद्धतीत आहे. तो कुठे पक्का आहे आणि कुठे तोकडा पडतो, हे एका मतदान केंद्रावरून पाहत जाऊ.

यंत्रे बनवतात बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन. कोणते यंत्र कोणत्या मतदारसंघात जाईल आणि तिथे कोणत्या केंद्रावर जाईल, हे पक्षांच्या प्रतिनिधींसमोर दोनदा सरमिसळ करून ठरते. आपले खरे काम सुरू होते ते मतदानाच्या दिवशी पहाटे.

मतदान सात वाजता सुरू व्हायचे असेल तर साडेपाचला मॉक पोल होतो. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकायची, ‘नोटा’सकट. मग कंट्रोल युनिटवरचा निकाल आणि मत कुणाला गेले ते छापणाऱ्या व्हीव्हीपॅटमधून पडलेल्या चिठ्ठ्या जुळवून पाहायच्या. जुळले की यंत्रातली ती मते पुसायची, चिठ्ठ्या काढून काळ्या लिफाफ्यात सीलबंद करायच्या आणि यंत्र शून्यावर आहे हे सगळ्यांना दाखवायचे. घाईगर्दीत हे पुसणे राहून गेले, तर संध्याकाळी यंत्रात ५० मते जास्त दिसतात. लबाडी कुणीच केलेली नसते, पण संशयाला तेवढे पुरते. म्हणून अशी यंत्रे मोजणीच्या वेळी बाजूला ठेवली जातात आणि निकालाचा फरक लहान असेल तर त्यांच्या चिठ्ठ्या मोजतात.

दिवसभर येणाऱ्या प्रत्येक मतदाराची नोंद १७ ए या नोंदवहीत होते. तिथे तो सही किंवा अंगठा करतो. संध्याकाळी केंद्राध्यक्ष ‘क्लोज’चे बटण दाबतात, त्यानंतर यंत्र मत घेत नाही. मग भरला जातो नमुना १७ सी. सगळ्या प्रक्रियेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच कागद. नोंदवहीप्रमाणे किती मतदार आले, त्यांतल्या कितींनी मत द्यायला नकार दिला, यंत्रात एकूण किती मते पडली, सीलचे क्रमांक कोणते, हे सगळे त्यात असते. त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला द्यावी लागते. ती देणे केंद्राध्यक्षांवर कायद्याने बंधनकारक आहे. यंत्र स्ट्राँग रूमकडे रवाना होण्याआधीच त्यातल्या एकूण मतांचा आकडा चार-पाच वेगवेगळ्या पक्षांच्या खिशात गेलेला असतो.

मोजणीच्या दिवशी तेच कंट्रोल युनिट टेबलावर येते. जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असतात. त्यांना आधी सील दाखवतात, यंत्राचा क्रमांक १७ सीशी जुळवतात आणि मग ‘रिझल्ट’चे बटण दाबतात. एकूण मते आणि उमेदवारनिहाय मते दिसू लागतात. ती १७ सीच्या दुसऱ्या भागात उतरवली जातात, खाली सह्या होतात. पुढे सगळ्या केंद्रांचे आकडे नमुना २० मध्ये येतात आणि तो प्रसिद्ध होतो. एखाद्या गावच्या शिक्षकालाही आपल्या केंद्राचा आकडा त्यात शोधता येतो आणि सगळ्या केंद्रांची बेरीजही करून पाहता येते. यंत्र वाटेत बदलले, मते वाढवली, बेरजेत खोट केली, तर ती पकडायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. त्या संध्याकाळचा कागद पुरतो.

पण १७ सी सांगतो मते किती पडली. ती कुणाला पडली, हे त्याला ठाऊक नसते. बटण दाबले एकाचे आणि यंत्राने नोंदवले दुसऱ्याचे, तर एकूण आकडा तंतोतंत जुळेल. ही शंका हवेतली नाही. १८ मे २००३ रोजी बेल्जियममधल्या स्खारबेक इथे एका उमेदवाराला संगणकाने ४,०९६ मते जास्तीची दाखवली होती. शक्य होती त्याहून जास्त मते तिला पडलेली दिसली म्हणून चूक ध्यानात आली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. संगणकाच्या स्मृतीत एकाच जागी शून्याचा एक झाला, असा निष्कर्ष निघाला. तिथे आकडा अशक्य दिसला म्हणून पकडला गेला, शक्यतेच्या कोटीतला असता तर खपून गेला असता. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ च्या निकालात म्हटले की, निवडणुकीतले महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला खास ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. ही कसोटी मला पूर्णपणे पटते.

आपल्याकडे त्या कसोटीला उतरते ती व्हीव्हीपॅटची चिठ्ठी. २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली आणि २०१९ पासून लोकसभेला प्रत्येक केंद्रावर आहे. काचेमागे सात सेकंद दिसते, मग पेटीत पडते. चिठ्ठ्यांची मोजणी आणि यंत्राचा आकडा यांत तफावत निघाली, तर नियमाप्रमाणे चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात. कायद्याच्या लेखी शेवटचा शब्द कागदाचाच आहे. प्रश्न असा की, तो कागद मोजायचा किती?

८ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दर विधानसभा क्षेत्रात एकाऐवजी पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितले. ही केंद्रे सोडत काढून ठरतात. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ, म्हणजे १,४४० केंद्रे. २०२४ च्या विधानसभेनंतर या सगळ्या ठिकाणी आकडे जुळल्याचे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले.

इथे थोडे गणित करायला हवे, कारण दोन्ही बाजूंचे लोक याच जागी घसरतात. राज्यात सुमारे एक लाख केंद्रे आहेत. समजा, राज्यभर दर दोनशे यंत्रांमागे एक यंत्र मते फिरवणारे होते. तर सोडतीने काढलेल्या १,४४० यंत्रांत त्यातले एकही न सापडण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. राज्यभर घाऊक घोटाळा झाला, असे म्हणणाऱ्याला या आकड्याचे उत्तर द्यावे लागेल.

आता एकाच मतदारसंघाकडे पाहू. सरासरीने साडेतीनशे केंद्रे, त्यांतली पाच तपासलेली. पस्तीस यंत्रे बिघडलेली असली, तर पाचांत त्यातले एखादे सापडण्याची शक्यता शंभरात एकेचाळीस. सातच बिघडलेली असली, तर शंभरात दहाच्या आसपास. २०२४ मध्ये मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी ठरली, साकोलीची २०८ मतांनी. एवढा फरक एखाद्या केंद्रावरही उलटू शकतो आणि ते नेमके केंद्र पाचांत येण्याची शक्यता सत्तरात एक. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच हंडीत शिजलेला असतो. इथे हंड्या साडेतीनशे आहेत.

याला तोड आहे आणि ती फार खर्चाची नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून राज्यभर लागू केलेल्या पद्धतीत किती कागद तपासायचे हे आधीच बांधून ठेवलेले नसते, ते विजयाच्या फरकावर ठरते. फरक मोठा असेल तर थोड्या मतपत्रिकांत खात्री पटते, अटीतटीचा असेल तर तपासणी वाढत जाते, वेळ पडली तर सगळ्या मतपत्रिका हाताने मोजतात. कोणत्या मतपत्रिका काढायच्या, तेही लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून ठरवतात. आपल्याकडे पन्नास हजारांनी जिंकलेल्या जागेला पाच केंद्रे आणि १६२ मतांनी जिंकलेल्या जागेलाही पाचच. हा नियम बदलायला हवा.

२६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत, खर्च भरून, पाच टक्के यंत्रांचे मायक्रोकंट्रोलर तपासून घेण्याची मुभा दिली. मुभा स्वागतार्ह आहे, पण ती तपासणी अभियंते करणार आणि त्यांचे म्हणणे आपण ऐकून घेणार. चिठ्ठी कुणालाही वाचता येते. यंत्राच्या आकड्यावर विश्वास न बसल्याने माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकेवर स्वतःच मतदान घेऊन पाहायचे ठरवले होते. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते रद्द झाले. अशा मतदानाला कायद्याचा आधार नव्हता हे खरेच. पण गावाने कुणाला किती मते दिली, याचे उत्तर त्यांच्याच केंद्रांच्या चिठ्ठ्यांत होते. नियम ५६ डीप्रमाणे उमेदवाराच्या अर्जावरून कोणत्याही केंद्राच्या चिठ्ठ्या मोजता येतात, मात्र अर्ज मोजणीच्या वेळीच करावा लागतो आणि तो मान्य करायचा की नाही, हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतात.

फेरमोजणीत काय निघू शकते, याचे उदाहरण हरियाणातले बुआना लाखू हे गाव आहे. नोव्हेंबर २०२२ च्या सरपंच निवडणुकीत एका केंद्रावर दोन उमेदवारांच्या आकड्यांची अदलाबदल झाली आणि हरलेला विजयी जाहीर झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. यंत्रे दिल्लीत मागवून, चित्रीकरण करून पुन्हा मोजली, तर निघाले १,०५१ विरुद्ध १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल फिरला. यंत्रातला आकडा बरोबर होता, कागदावर उतरवताना माणूस चुकला होता. तिथे दाद मागणाऱ्याला जवळपास तीन वर्षे लागली.

महाराष्ट्रात महापालिका, जिल्हा परिषदांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्या यंत्रांना व्हीव्हीपॅट जोडलेले नसते. म्हणजे तिथे मत कुणाला गेले, हे सांगणारा कागदच नाही. तो यायलाच हवा, आणि लोकसभा-विधानसभेला किती चिठ्ठ्या मोजायच्या हे मतांच्या फरकावर ठरायला हवे. तोवर आपल्या हातात १७ सी आहे. पुढच्या लोकसभेला किंवा विधानसभेला तुम्ही कोणत्याही पक्षाच्या वतीने केंद्रावर बसणार असाल, तर मतदान संपल्यावर घरी जायची घाई करू नका. सही करून १७ सीची प्रत मागून घ्या, त्यातले यंत्राचे आणि सीलचे क्रमांक समोरच्या यंत्राशी जुळवून पाहा आणि मोजणीच्या टेबलावर तुमच्या पक्षाचा जो माणूस बसणार आहे, त्याच्या हातात ती प्रत द्या.