एकीचं यंत्र दुसरीला नको
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अम्मीच्या मांडीचे स्नायू अशक्त झाले. फिजिओथेरपिस्टने सौम्य विजेने स्नायू आकसवणारं यंत्र सुचवलं. ते पाहून शेजारच्या खाला म्हणाल्या, "बेटा, मलाही लाव." मी थबकले. खालांना पेसमेकर आहे!

या यंत्राची वीज पेसमेकरच्या कामात अडथळा आणू शकते. जिवावर बेतू शकतं. गरोदर स्त्रिया आणि फिट येणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. पॅड गळ्यावर, छातीवर, डोक्यावर किंवा जखमेवर लावू नका. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका बसला तरी कळत नाही. पॅड लावता-काढताना यंत्र बंद ठेवा. यंत्र लावून झोपू नका.

खालांना मी चहा दिला आणि म्हटलं, "आधी डॉक्टरांना विचारू या."