पाच मीटर लांबून पेंग्विन!

हात लावायचा नाही, खाली बसायचं नाही, काही खायचं नाही, दगडसुद्धा उचलायचा नाही. एवढे नियम पाळायला माणसं लाखो रुपये मोजून अंटार्क्टिकाला का जातात? एका एक्स्पीडिशन क्रूझवरून आणलेला हा ताजा रिपोर्ट...

गोवा झालं. लडाख झालं. बाली, बँकॉक, व्हिएतनाम... ऑफिसातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तेच समुद्र आणि तेच सूर्यास्त! मग आता पुढे काय? या प्रश्नाचं एक हटके उत्तर हल्ली ऐकू यायला लागलंय. सरळ खाली जा. नकाशा संपेपर्यंत.

बॉस, तिथे खरंच जाता येतं. १९६६ मध्ये लार्स-एरिक लिंडब्लाड या टूरवाल्याने हौशी प्रवाशांना पहिल्यांदा अंटार्क्टिकाला नेलं, तेव्हा तो वेडेपणा वाटला होता. २०२३-२४ च्या एका मोसमात तिथे जाऊन आलेल्या पर्यटकांचा आकडा होता सुमारे १ लाख २२ हजार! त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांनी पाऊल न ठेवता फक्त जहाजावरूनच दर्शन घेतलं. बाकीचे बूट घालून बर्फावर उतरले. जानेवारीत त्या उतरणाऱ्यांमध्ये मीही होते.

ड्रेक लेक की ड्रेक शेक?

मुंबईहून ब्युनॉस आयर्स, तिथून अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं उशुआया. इथून अंटार्क्टिक द्वीपकल्प साधारण हजार किलोमीटरवर. मध्ये ड्रेक पॅसेज, म्हणजे दोन दिवसांचा समुद्र. अटलांटिक, पॅसिफिक आणि दक्षिण महासागराचं पाणी इथे एकत्र येतं आणि वाऱ्याला अडवायला वाटेत जमीनच नाही. खलाशी लोकांत एक जुना जोक आहे. नशीब चांगलं असेल तर ‘ड्रेक लेक’, नसेल तर ‘ड्रेक शेक’. आम्हाला जाताना शेक मिळाला. पहिल्या रात्री डायनिंग हॉल अर्धा रिकामा! जे आले होते त्यांचंही लक्ष सूपपेक्षा सूपच्या वाटीवर जास्त.

पण याच दोन दिवसांत जहाजामागे अल्बाट्रॉस लागतो. पंखांचा पसारा तीन मीटरहून जास्त, आणि पठ्ठ्या पंख हलवतच नाही. लाटेवरून उठणारा वारा पकडायचा आणि तासन्‌तास तरंगत राहायचं. आपण रेलिंगला दोन्ही हातांनी धरून उभे आणि तो निवांत.

दुसऱ्या दिवशी क्लास भरतो. आमच्या जहाजावर दीडशेच्या वर प्रवासी होते आणि सगळ्यांना नियमांचं लेक्चर कम्पल्सरी. त्यानंतर ‘बायोसिक्युरिटी’. बाहेर घालायचे सगळे कपडे, बॅगा, ट्रायपॉड घेऊन रांगेत उभं राहायचं. खिसे व्हॅक्यूम क्लीनरने साफ होतात. वेल्क्रोमधला एकेक धागा चिमट्याने काढला जातो. माझ्या सॅकच्या वेल्क्रोतून दोन कुसळं निघाली, शंभर टक्के राजमाचीच्या ट्रेकची! तपासणाऱ्या मुलीने ती भिंगाखाली धरली आणि डब्यात बंद केली.

हसू आलं होतं, पण मुद्दा सीरियस आहे. किंग जॉर्ज बेटावर बाहेरून आलेलं ‘पोआ अन्युआ’ नावाचं गवत रुजलं आणि ते उपटून काढायला शास्त्रज्ञांना घाम फुटलाय. जिथे मुळात फुलणाऱ्या वनस्पतींच्या फक्त दोन जाती आहेत, तिथे एक बी म्हणजे आक्रमणच की!

वासावरून ओळखा पाहू!

पेंग्विन दिसण्याआधी त्यांचा वास येतो. ससून डॉकला पहाटे गेलाय कधी? त्या वासाची ही थोरली बहीण. क्रिल नावाचे कोळंबीसारखे इवलेसे जीव खाऊन पेंग्विनची विष्ठा गुलाबी होते आणि अख्खी टेकडी त्या रंगाने माखलेली असते. फोटोत हे येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

क्युव्हरव्हिल बेटावर झोडिअ‍ॅक, म्हणजे मोटर लावलेल्या रबरी बोटीतून उतरलो, तेव्हा समोर हजारो जेंटू पेंग्विन. चोच केशरी, डोक्यावर पांढरा पट्टा. पाण्यात ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास जाणारा हा गडी जमिनीवर मात्र एकदम सरकारी फायलीच्या वेगाने चालतो. बर्फात चालून चालून त्यांनी खोल वाटा पाडल्या आहेत. त्यांना ‘पेंग्विन हायवे’ म्हणतात आणि तिथे माणसाला नो एण्ट्री. क्रॉस करायचं असेल तर आधी त्यांना जाऊ द्यायचं. घरटं छोट्या दगडांचं. दगड कमी, मागणी जास्त, त्यामुळे शेजाऱ्याच्या घरट्यातला दगड लंपास करणं हा इथला फुल टाइम उद्योग. शेजारी बघत नाही ना, एवढं पाहून चोच मारायची!

नियम साधा आहे. पेंग्विनपासून किमान पाच मीटर लांब राहायचं. एका जागी एका वेळी शंभरहून जास्त पर्यटक उतरवायचे नाहीत, आणि पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाच उतरवायचं नाही. म्हणून आमचे दोन गट. एक किनाऱ्यावर, दुसरा झोडिअ‍ॅकमध्ये फिरत.

गंमत ही, की हा नियम पेंग्विनने वाचलेला नाही. एक करडं, केसाळ पिल्लू थेट माझ्या बुटापर्यंत आलं आणि पॅण्टच्या नाडीला चोच मारायला लागलं. खाली वाकावंसं वाटतं, हात पुढे करावासा वाटतो. दोन्हीला बंदी! मी हात छातीशी धरून खांबासारखी उभी. त्याचं कुतूहल संपलं आणि ते निघून गेलं.

मध्ये पडायचं नाही

त्याच टेकडीवर दुसरं दृश्यही पाहिलं. स्कुआ हा घारीएवढा तपकिरी पक्षी. दोन स्कुआ मिळून आले. एकाने आईला शेपटीकडून हुसकावलं, ती वळली, आणि दुसऱ्याने पिल्लू उचललं. आमच्यापासून जेमतेम वीस पावलांवर. ग्रुपमधली एक बाई ओरडलीच. टाळी वाजवली असती तरी पिल्लू वाचलं असतं. गाइड शांतपणे म्हणाला, ‘नाही.’ त्या स्कुआचंही घरटं वरच्या कड्यावर होतं आणि तिथेही पिल्लं वाट पाहत होती.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण टीव्हीवर आणि इथे हाच फरक. इथे बॅकग्राउंड म्युझिक कुणाच्या बाजूने रडायचं ते सांगत नाही.

आणि सध्या तर या स्कुआचेच दिवस वाईट आहेत. एच-५-एन-१ बर्ड फ्लू ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जियाच्या टोकाशी असलेल्या बर्ड आयलंडवर पोचला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये थेट अंटार्क्टिक द्वीपकल्पावर. तिथली पहिली खात्रीची नोंद मेलेल्या स्कुआंमध्येच झाली. खाली बसायला, गुडघे टेकायला, बॅग ठेवायला बंदी आहे ती याचमुळे. विष्ठेतून विषाणू कपड्याला लागेल आणि पुढच्या बेटावर आपणच तो होम डिलिव्हरी करू! बूट प्रत्येक वेळी जाताना-येताना जंतुनाशकात बुडवून ब्रशने घासायचे.

एका सकाळी आम्ही लाइफ जॅकेट घालून तयार. गाइड लोक आधी किनारा बघून यायला गेले आणि अर्ध्या तासात परतले. दोन मेलेले स्कुआ दिसले होते. लँडिंग कॅन्सल! लाउंजमध्ये कुरकुर झाली. एका प्रवाशाने तर तासाला किती डॉलर पडतात याचा हिशोब मांडला. एक्स्पीडिशन लीडरने कॉफी ओतली आणि पुढचा कार्यक्रम सांगितला. विषय संपला.

शेपटीचा पासपोर्ट

त्या दिवसाची भरपाई संध्याकाळी झाली. झोडिअ‍ॅकचं इंजिन बंद केलं आणि सगळे गप्प. आधी आवाज आला, प्रेशर कुकरची शिट्टी पडण्याआधी येतो तसा. मग दोन काळ्या पाठी. हम्पबॅक व्हेल! खोल बुडी मारताना त्या शेपटी वर काढतात. शेपटीच्या खालच्या बाजूचं काळं-पांढरं डिझाइन प्रत्येकीचं वेगळं असतं, आपल्या बोटांच्या ठशांसारखं. ‘हॅपीव्हेल’ या प्रोजेक्टला तुम्ही फोटो पाठवलात तर तो आधीच्या फोटोंशी जुळवून बघितला जातो. इथल्या हम्पबॅक हिवाळ्यात पिल्लं द्यायला कोलंबिया-इक्वेडोरच्या किनाऱ्यापर्यंत पोहत जातात, हे अशा फोटोंवरूनही पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी डिसेप्शन आयलंड. हा जिवंत ज्वालामुखी आहे आणि जहाज चक्क त्याच्या पोटात शिरतं. तिथल्या व्हेलर्स बेवर गंजलेल्या टाक्या आणि बॉयलर उभे आहेत. १९३१ पर्यंत इथे व्हेल उकळून तेल काढायचे. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात सुमारे २० लाख व्हेल मारले गेले. आदल्या संध्याकाळी ज्यांचा श्वास ऐकला, त्यांचे पणजोबा इथे पिंपात गेले असणार. शिकार थांबली आणि हम्पबॅक परत आल्या. म्हणजे माणूस थांबू शकतो.

पण आता ओढाताण आहे ती त्यांच्या खाण्यावर. पेंग्विन, सील, व्हेल सगळ्यांचं पोट क्रिलवर. तेच क्रिल बोटी पकडून नेतात, माशांच्या खाद्यासाठी आणि ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूलसाठी. २०२५ च्या मोसमात पकड ६ लाख २० हजार टनांच्या मर्यादेला भिडली आणि मासेमारी मुदतीआधीच बंद करावी लागली. जिमच्या बॅगेतल्या बाटलीवर ‘क्रिल ऑइल’ लिहिलंय का, हे परत आल्यावर मी पहिल्यांदा वाचलं.

मग जायचं की नाही?

आल्यापासून प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो. पहिला, ‘आपलं मैत्री स्टेशन पाहिलंस का?’ नाही हो! ‘मैत्री’ आणि २०१२ मध्ये सुरू झालेलं ‘भारती’ ही दोन्ही केंद्रं खंडाच्या पूर्व भागात, क्रूझच्या वाटेपासून हजारो किलोमीटर लांब. तिथला कारभार गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीमही गोव्यातूनच निघाली होती.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. अशा नाजूक ठिकाणी आपण जावंच का? २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने हिशोब मांडला, की जहाजं वगैरेंच्या धुरातली काजळी बर्फावर बसते, बर्फ जास्त ऊन शोषतो आणि एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ वितळतो. एकामागे! विमानाचा धूर वेगळाच.

त्यात या खंडाला मालक नाही. १९५९ चा अंटार्क्टिक करार आहे, १९९१ चा पर्यावरणाचा माद्रिद प्रोटोकॉल आहे. पण वर्षाला किती पर्यटक, यावर वरची मर्यादा कुठेच नाही. पाच मीटरसारखे रोजचे नियम मुख्यतः राबवते ती ‘आयाटो’, म्हणजे १९९१ मध्ये टूर कंपन्यांनीच स्थापन केलेली संघटना. मे २०२४ मध्ये कोचीला झालेल्या करार-देशांच्या बैठकीत पर्यटनासाठी सर्वसमावेशक चौकट बनवायला सुरुवात झाली. तोवर भरवसा कंपनीच्या शिस्तीवर आणि तुमच्या-माझ्यावर.

माझं मत? फक्त ‘सातवा खंड टिक केला’ म्हणायला जाणार असाल तर नका जाऊ. फोटो तर काय, आधीच भरपूर आहेत. प्राण्यांसाठी जाणार असाल आणि लँडिंग रद्द झाल्यावर कॉफी पिऊन गप्प बसण्याची तयारी असेल, तर आयुष्यात एकदा, लहान जहाजाने, पैसे साठवून जा. तो ८३ टनांचा आकडा मात्र डोक्यात ठेवूनच तिकीट काढा. मी अजून तो विसरू शकलेले नाही.

जायचंय? मग हे वाचा!

कधी: मोसम नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात ताजा बर्फ आणि घरट्यांची लगबग, डिसेंबरअखेर ते जानेवारी पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हेल भरपूर.

किती दिवस: क्रूझ दहा-अकरा दिवसांची. विमानप्रवास धरून किमान सोळा दिवसांची रजा. बॉसला आत्तापासून मस्का लावा!

किती खर्च: शेअरिंग केबिन साधारण सात-आठ हजार डॉलरपासून पुढे. विमानभाडं, विमा, व्हिसा धरून दहा लाखांचा आकडा सहज ओलांडतो.

थंडी: उन्हाळ्यात द्वीपकल्पावर शून्याच्या आसपास. खरा त्रास वाऱ्याचा. थरावर थर घाला, वॉटरप्रूफ पॅण्ट मस्ट.

काय विचाराल: कंपनी ‘आयाटो’ची सदस्य आहे का? जहाजात प्रवासी किती? दोनशेच्या आत असतील तर किनाऱ्यावर जास्त वेळ मिळतो. विम्यात आजारी पडल्यास हलवण्याचा खर्च धरलाय का?

काय नेऊ नका: ड्रोन, चिवड्याचं पाकीट खिशात, आणि ट्रेकची न धुतलेली सॅक.