तपासणी दारात, उपचार दोनशे किलोमीटरवर

८ मार्च २०२५ रोजी हिंगोली जिल्ह्यात ‘संजीवनी’ अभियान सुरू झालं. गावोगावच्या बायकांकडून कर्करोगाच्या लक्षणांची प्रश्नावली भरून घेण्यात आली. २ लाख ९२ हजार ९९६ जणींना प्रश्न विचारले गेले आणि १४ हजार ५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणं आढळली. आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी जुलैमध्ये विधान परिषदेत हे आकडे सांगितले आणि बातम्यांचे मथळे त्या चौदा हजारांवर गेले. प्रत्यक्ष तपासणीत तोवर निदान झालं होतं ते बारा जणींचं. आठ जणींना तोंडाचा कर्करोग होता, तिघींना गर्भाशयमुखाचा आणि एकीला स्तनाचा.

चौदा हजार हा आकडा वाचून काळजात धस्स होतं, पण या सगळ्या बायका कर्करोगाच्या रुग्ण नाहीत. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं यामागे बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. मात्र आतून तपासल्याशिवाय हे कळत नाही. धाक दाखवायचा आणि तपासायचं नाही, याची किंमत बीडच्या बायकांनी मोजली आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने तिथल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजार ३०९ जणींपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. पिशवी ठेवली तर पुढे कॅन्सर होईल, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्यातल्या कित्येकींचं म्हणणं होतं. हिंगोलीत चौदा हजार घरांत ‘संशयित’ हा शब्द पोचला असेल, तर त्यामागोमाग तपासणीही पोचायला हवी.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तिघीच सापडल्या म्हणून निर्धास्त होण्यासारखंही काही नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूच्या चिवट संसर्गातून होतो. बहुतेक बायकांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप निघून जातो. काहींमध्ये तो ठाण मांडतो, पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदलत जातात आणि त्यांचा कर्करोग व्हायला सहसा दहा ते वीस वर्षं लागतात. एवढ्या काळात बाईला काहीच दुखत नाही. आजार सर्वांत सोप्या उपायाने थांबवता येतो तो हाच काळ, आणि लक्षणं विचारणाऱ्या प्रश्नावलीला नेमका तोच दिसत नाही.

याचं उत्तर मराठवाड्यातच सापडलेलं आहे. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं सौम्य अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी पाहणी झाली आणि चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवाच मिळाली. गावातल्या बायकांची तपासणी प्रशिक्षित परिचारिकांनी केली. ज्यांच्यात दोष दिसला त्यांच्या पुढच्या तपासणीची आणि उपचारांची सोय आधीच करून ठेवली होती. आठ वर्षांनंतर चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे होते आणि चाचणी झाली होती एकदाच. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हे निष्कर्ष छापून आल्यावर जगभर त्यांची दखल घेतली गेली. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे तीव्र टीकाही झाली, आणि ती रास्त होती. त्या गटातल्या मृत्यूंशी ताडून हे ज्ञान हाती आलं. ते वापरलं गेलं नाही, हे म्हणूनच जास्त सलतं. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी झालेली नव्हती.

आता हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावातून पाहू. इथल्या बाईच्या पेशींतला बदल वेळेत सापडला, तर तापवलेल्या छोट्या उपकरणाने तो भाग काही मिनिटांत जाळून टाकता येतो. हे उपकरण बॅटरीवर चालतं, भूल द्यावी लागत नाही आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. तोच आजार पसरल्यावर सापडला, तर आठवड्यातले पाच दिवस असं पाच आठवडे बाहेरून रेडिएशन, दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध आणि शेवटी गर्भाशयमुखाजवळ आतून दिलं जाणारं रेडिएशन, म्हणजे ब्रेकीथेरपी. हे सगळं आठ आठवड्यांत पुरं व्हावं लागतं. लांबलं की आजार परतण्याची शक्यता वाढते.

मराठवाड्यातलं सरकारी कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगरला, पुसेगावपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन आणि केमोचा खर्च बसतो. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पण दीड-दोन महिने शहरात राहायचं कुठे, सोबत कोणी थांबायचं, त्याची बुडालेली मजुरी कोण देणार, घरची जनावरं आणि पोरं कोण बघणार, याचं उत्तर कोणत्याही योजनेच्या कार्डावर नसतं. अशा वेळी बाई दुखणं अंगावर काढते, किंवा थोडं बरं वाटलं की उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतते.

जिल्हा पातळीवर वेगळी कर्करोग रुग्णालयं काढण्याचा विचार नाही, टाटा मेमोरियलशी करार झाला आहे, असं आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेतल्या त्याच उत्तरात सांगितलं. ब्रेकीथेरपीचं यंत्र आणि ते चालवणारी माणसं तालुक्या-तालुक्यात नेणं शक्य नाही, हे खरंच. पण त्याआधीचं बरंच काही जवळ आणता येतं. हिंगोलीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. क्षयरोगाच्या तपासणीसाठी देशभरातल्या ग्रामीण केंद्रांत वापरलं जाणारं, गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र वेगळी चिप घालून एचपीव्हीही शोधू शकतं. नमुना बाईला स्वतः घेता येतो, त्यामुळे संकोचाची मोठी अडचण दूर होते.

म्हणून हिंगोलीबद्दलचा पुढचा प्रश्न किती जणींना लक्षणं होती, हा नको. १४ हजार ५४२ पैकी किती जणींची आतून तपासणी झाली, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्यांना कोणी गाठलं, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान झालेल्या तिघींनी आठ आठवड्यांचे उपचार कुठे राहून पुरे केले, हे सभागृहात विचारलं जायला हवं.